उजवीकडे न वळणारी गाडी

बाळाराम उबाळे यांनी आयुष्यातली एकोणतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवली होती. ते सरकारी भूकरमापक. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत असं शिवार क्वचितच असेल, की ज्याच्या बांधावर भर उन्हात उभं राहून त्यांनी "इथपर्यंत तुमचं, इथून पुढं त्यांचं" असं सांगितलं नव्हतं. भावाभावांत कोयते निघालेले त्यांनी पाहिले होते, पण त्यांच्या मापाला कुणी नावं ठेवली नव्हती. त्यामुळे जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ते स्वतःच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकासमोर पाट मांडून, हातात टेप घेऊन बसले, तेव्हा यातून काही भलतंसलतं निघेल असं गल्लीत कुणालाही वाटलं नाही.

गाडी म्हणजे उंच, रुंद, सात जण बसतील अशी एसयूव्ही. आठ महिन्यांपूर्वी घेतली तेव्हाच ती सहा वर्षांची होती. पण बाळाराम तिला जुनी म्हणत नसत, अनुभवी म्हणत. या अनुभवापोटी तिच्या टायरांवरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. पंक्चरवाल्याने चाकावरून हात फिरवला, "साहेब, टक्कल पडलंय" असं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याची नजर उगाचच बाळारामांच्या डोक्याकडे गेली. ते त्यांना आवडलं नाही.

एरवी त्यांनी हा विषय पावसाळ्यापर्यंत ढकलला असता. पण येत्या शनिवारी गीताबाईंना शाळेत जायचं होतं.

गीताबाई म्हणजे बाळारामांची आई. वय अठ्ठ्याहत्तर. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या शेतात लावणी-कापणी करण्यात गेलेली. शाळा त्यांनी आतून पाहिली होती ती फक्त सारवायला गेल्या तेव्हा, आणि तेही सुट्टीत. आता त्यांची नात, बाळारामांची मुलगी दीप्ती, धसईच्या पुढे एका वाडीवरच्या शाळेत बाई म्हणून लागली होती. तेव्हापासून गीताबाईंनी एकच धोशा लावला होता. नातीच्या वर्गात एक दिवस बसायचं. शिकायला नाय, नुसतं बसायला. शनिवारची सकाळची शाळा असते, तेव्हा ये, असं दीप्तीने कबूल केलं आणि गीताबाईंनी ते गल्लीतल्या घराघरांत जाऊन सांगून टाकलं. ट्रंकेतलं पांढरं लुगडं बाहेर आलं, त्याला इस्त्री झाली. रोज सकाळी चहाच्या आधी त्या विचारत, "आज कोन वार?" वार माहीत असूनही विचारत.

बाळारामांच्या पत्नी वर्षाताई आरोग्य केंद्रात नर्स होत्या. घसरलेल्या गाड्यांमधली माणसं त्यांच्यापुढेच येत. टायर बदलल्याशिवाय सासूबाईंना त्या गाडीत बसवायचं नाही, असं त्यांनी एकदाच सांगितलं. त्या कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत.

तर टायरवर ठसठशीत उमटलेलं होतं : २१५/७५ आर १५. बाळारामांनी टेप लावली. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी भरली एकशे सत्तर मिलिमीटर. म्हणजे २१५ नव्हे. मग लोखंडी रिमपासून टायरच्या काठापर्यंतची उंची घेतली, ती निघाली एकशे साठच्या आसपास. पंच्याहत्तरचा पत्ता नाही. शेवटी अख्खं चाक इंचांत मोजलं, ते सत्तावीसच्या पुढे गेलं. पंधरा नाहीच. तीन आकडे, तीन मापं, आणि एकाचाही मेळ नाही. खोटे नकाशे त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, पण तिन्ही बाजूंनी खोटा असलेला आणि तो असा उघड्यावर छापलेला कागद पहिल्यांदाच पाहत होते.

वर्षाताईंनी दोन मिनिटं मोबाइलवर बघितलं आणि भाजी निवडता निवडता सांगितलं, की पहिला आकडा टायरच्या फुगीर पोटाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्के, म्हणजे रुंदीच्या पंच्याहत्तर टक्के उंची. तिसरा आतल्या रिमचा, तो इंचांत.

बाळारामांनी टेप गुंडाळली. मग म्हणाले, "एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच? एका सातबाऱ्यावर आर, आणे आणि वाव लिहिल्यासारखं झालं हे. असं कुणी लिहीत नाय."

लिहिणाऱ्याने तसंच लिहिलं होतं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. आधीच्या मालकाने गाडीला चुकीचे टायर बसवले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एकदा हद्द कायम केली की ते सहसा मागे हटत नसत.

एव्हाना गल्ली जमली होती. शेजारचा रूपेश ठाण्याला नोकरीला. जगातल्या सगळ्या विषयांवरचे व्हिडिओ त्याने येता-जाता पाहिलेले. त्याने सांगितलं, "काका, जय भीम. दोनशे पंधरा सोडा, दोनशे पस्तीस टाका. वीस मिलिमीटरनं काय होतंय? गाडी रोडला बसते. लूक येतो." समोरच्या घरातले चंदरमामा तीस वर्षं एसटीची शहापूर-मुरबाड गाडी चालवून निवृत्त झालेले. रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक. एसटीचं टायर कोणत्या मापाचं असतं, असं त्यांना आदराने विचारलं, तर ते म्हणाले, डेपोवाले लावत, आमी चालवत. टायर गोल असला म्हंजे झालं. त्या सकाळी मिळालेला हा एकच निर्मळ सल्ला होता आणि त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

कारण बाळारामांच्या मनात 'लूक' शिरला होता.

त्यांचा एक स्वभाव होता. इतकी वर्षं दुर्बिणीतून लांबवर बघून बघून त्यांना लांबवर बघतच राहायची सवय लागली होती. मोजणी संपली, माणसं पांगली, तरी ते यंत्राला डोळा लावून माहुलीच्या सुळक्यांकडे बघत उभे असत, आणि हाताखालच्या माणसाला खोकून त्यांना परत आणावं लागे. सोमवारी कचेरीत एक नकाशा उलगडून बसले असताना त्यांना किन्हवलीचा रस्ता दिसू लागला. रस्त्यावर आपली गाडी. चाकं रुंद, काळी, नवी. गाडी चालत नव्हती, नांगरटीवरून बगळा जातो तशी जमिनीला न लागता जात होती. दोन्ही बाजूंची शेतं कुणाची, किती आर, वाद कशावरून झाला, सगळं आपोआप कळत होतं आणि कुणीही भांडत नव्हतं. साहेबांनी दोनदा हाक मारली तेव्हा ते बगळ्यावरून उतरले.

त्याच संध्याकाळी रूपेशच्या मोबाइलवरून चार टायर मागवले गेले. २३५/७५ आर १५. बसवायला जवळचं केंद्र निवडा, असं मोबाइलने विचारलं. यादीत शहापूर नव्हतं, मुरबाड होतं. ते बाळारामांना शुभच वाटलं, कारण धसईची वाट मुरबाडवरूनच होती. शुक्रवारी रजा, दुपारी मुरबाडला टायर, संध्याकाळी धसईला दीप्तीच्या खोलीवर मुक्काम, शनिवारी सकाळी शाळा. बेत इतका देखणा झाला की त्यांनी तो कागदावर लिहूनच काढला.

शुक्रवारी मायलेक निघाले. वर्षाताईंना रजा नव्हती. त्यांनी टायरांकडे एकदा आणि नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि हळू जा म्हणाल्या. वालाच्या शेतांवर अजून धुकं होतं. गाडी तिशीच्या वर जात नव्हती. गीताबाई पुढच्या सीटवर भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. या शेतात लावणी केली, त्या शेतात विंचू चावला, असं सांगत होत्या. बाळाराम त्याच शेतांचे गट नंबर सांगत होते. दोघं एकाच रानातून जात होते, पण दोघांची रानं वेगळी होती.

मुरबाडच्या दुकानात मात्र धुकं नव्हतं, ट्यूबलाइट होती. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ऑर्डर कुणाच्या नावावर? रूपेशच्या. रूपेश आलेत का? नाही. मग त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा. रूपेशचा मोबाइल बंद, तो मीटिंगमध्ये. मग त्यांचं आधार कार्ड? नाही. बाळारामांनी आपलं सरकारी ओळखपत्र पुढे केलं. बाईंनी ते दोन्ही बाजूंनी पाहून परत दिलं आणि अगदी मृदू आवाजात सांगितलं, "ज्यांच्या नावावर आहे, त्यांचं संमतीपत्र आणा."

बाळाराम खुर्चीत बसले. हे वाक्य त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. टेबलाच्या अलीकडून ते त्यांनी जमिनीच्या शेकडो सहधारकांना ऐकवलं होतं, याच मृदू आवाजात. पलीकडून ते कसं लागतं, हे आज पहिल्यांदा कळलं. एका म्हाताऱ्याला या संमतीपत्रासाठी आपण तीनदा वाशाळ्याहून यायला लावलं होतं, त्याचा चेहरा आठवला. तो समोरच्या पोस्टरमधल्या टायरच्या गोलात दिसू लागला आणि बराच वेळ तिथून हलेना.

गीताबाईंनी तोवर काउंटरच्या बाईंना आपण उद्या शाळेत चाललोय हे सांगून झालं होतं. अडीच वाजता रूपेशचा फोन लागला.

टायर बसवणारा संजू नावाचा पन्नाशीचा गडी होता. त्याने नवा टायर पाहिला, गाडीच्या चाकावरची कमान पाहिली, मग पुन्हा टायर पाहिला. म्हणाला, "साहेब, हे घासंल."

बाळाराम म्हणाले, की ते स्वतः भूकरमापक आहेत.

संजूने त्यावर वाद घातला नाही. आत जाऊन एक कागद आणला. ग्राहकाच्या इच्छेनुसार वेगळ्या मापाचे टायर बसवले, असं त्यावर लिहिलं होतं. बाळारामांनी तो दोनदा वाचला आणि हुद्द्यासकट सही केली.

नव्या चाकांवर गाडी थोडी उंच वाटत होती. मुरबाडच्या बाहेर पडल्यावर ती खरोखर बगळ्यासारखी चालू लागली. आवाज नाही, हिसका नाही. लांब गोरखगडाचा सुळका उन्हात निळा दिसत होता. एवढं मात्र झालं, की रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी गाडीतल्या आकड्याचा मेळ बसेना. दगड पुढे जात आणि आकडा मागे राही. दगड रोवणाऱ्याने गफलत केली असणार, असं त्यांनी ठरवलं. मग पहिलं वळण आलं.

घर्रर्र.

गीताबाईंनी पाय वर घेतले. "बाळू, खाली कुत्रं आलं का रं?"

कुत्रं नव्हतं. स्टिअरिंग जरा जास्त फिरवलं, की पुढची चाकं आतल्या प्लास्टिकला घासत आणि गाडी गुरगुरे. डावीकडे गुरगुरे, उजवीकडेही गुरगुरे. सरळ चालवली की पुन्हा निमूट, शहाणी. बाळारामांनी मनातल्या मनात अहवाल तयार केला : गाडीत दोष नाही, वळणात आहे. हलक्या हाताने, लांबचा पल्ला घेत वळलं तर हरकत नव्हती. पण धसईचा फाटा आला तो थेट काटकोनात. मागे पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत होता. बाळारामांनी फाट्याकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं आणि सरळ गेले. पुढच्या फाट्यावरही सरळच गेले. रस्ता नेईल तिकडे गाडी जात होती. कुठे चाललोय हे गीताबाईंनी विचारलं नाही, कारण त्यांना बाहेर बघायला बरं वाटत होतं.

रस्त्यावर बैल दिसू लागले. आधी एक जोडी, मग पाच, मग रस्ताभर. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. बैलांच्या मधून गाडी माणसाच्या चालीने सरकू लागली. मग धुळीत तंबू दिसले, घोंगड्यांचे ढीग दिसले, जिलेबीचा वास आला. ते म्हसा गावच्या जत्रेत पोहोचले होते.

"तू म्हनला नाय जत्रेला नेतोस म्हनून," गीताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की खरं काय ते सांगायचं बाळारामांना धाडस झालं नाही.

एका चिंचेखाली नवसू नावाचा माणूस बैलांना नाल ठोकत होता. दोर टाकून आडवा केलेला बैल, त्याचे चारही पाय बांधलेले, आणि नवसू खुरावरून बोट फिरवून डोळे मिटल्यासारखा विचार करत होता. जमिनीवर नालांचा ढीग होता. त्यातून त्याने न मोजता एक उचलला आणि तो खुरावर चपखल बसला. बाळारामांना ते पाहून कसंसंच झालं. ते गाडी लावून बघतच राहिले, आणि हाताखालचा माणूस बरोबर नसल्यामुळे कुणी खोकलं नाही. गीताबाई मात्र उतरल्या, नवसूपाशी गेल्या आणि आपली गाडी गुरगुरते हे त्यांनी त्याला सरळ सांगून टाकलं.

नवसू आला. वाकून चाक आणि प्लास्टिक यांच्यामध्ये बोट घालायला गेला, ते जाईना. त्याने विचारलं, माप कसं घेतलं? गाडी उभी असताना की उचलून? उभी असताना, बाळाराम म्हणाले.

"बैल हुबा ऱ्हायला का खूर पसरतो," नवसू म्हणाला. "पाय उचलून माप घ्यावा लागतो. आनि नाल खुरापरमानं घ्यायचा. मोठा नाल घेतला म्हनून बैल मोठा नाय होत."

हे तो टोचून बोलला नव्हता. बैलाबद्दल बोलत होता. म्हणूनच ते जास्त लागलं. आतलं प्लास्टिक थोडं कापलं तर तात्पुरतं भागेल, असं त्याने सुचवलं आणि खूर तासायचा बाकदार चाकू काढला. बाळाराम नको म्हणण्याच्या बेतात होते. गीताबाई म्हणाल्या, "काप रं बाबा. उद्या माझी शाळा हाय."

डाव्या चाकावरच्या कमानीतून काळ्या प्लास्टिकची चतकोर भाकरीएवढी चकती धुळीत पडली. बाळारामांना आपल्याच अंगाचा तुकडा पडल्यासारखं वाटलं. नवसू उजव्या चाकाकडे वळला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला आणि एवढं पुरे म्हणाले. नवसूने मानेनेच बरं म्हटलं, गीताबाईंनी दिलेली अर्धी भाकर कमरेला बांधली आणि तो आपल्या बैलाकडे गेला. पुढच्या आठवड्यात संजूने ते टायर काढून २१५चे बसवले आणि सही केलेला कागद बाळारामांना दाखवलासुद्धा नाही. पण ते पुढच्या आठवड्यातलं. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे एक गाडी होती, जी सरळ जात होती, डावीकडे वळत होती आणि उजवीकडे वळायचं म्हटलं की गुरगुरत होती.

उजवीकडे न वळता धसईला कसं जायचं, असं त्यांनी जत्रेत तिघांना विचारलं. एकालाही प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. एका म्हाताऱ्याने काठीने धुळीत रस्ता काढून दाखवला. तो रस्ता चांगलाच लांबचा होता, पण त्यात सगळी वळणं डावी होती. गोरखगडाच्या सुळक्यावरचं शेवटचं ऊन जाता जाता ते दीप्तीच्या दारात उभे होते.

शनिवारी सकाळी शाळेच्या वाटेवर मात्र म्हाताऱ्याची विद्या संपली. डांबरी रस्त्यावरून शाळेची कच्ची वाट उजवीकडे फुटत होती, तीही बांधाला वळसा घालून. दीप्ती पुढे स्कूटीवर होती. ती वळली, थांबली आणि मागे बघू लागली. बाळारामांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी गुरगुरली, आणि खालून कसला तरी फाटल्यासारखा आवाज आला. गीताबाईंनी दार उघडलं. लुगड्याच्या निऱ्या सावरत खाली उतरल्या.

"तू ये तुज्या वाटंनं," त्या म्हणाल्या. "माजी घंटा व्हईल." आणि नातीच्या मागे स्कूटीवर बसून त्या गेल्या.

बाळारामांनी हिशोब केला. याच रस्त्याने उलट दिशेने आलं, तर शाळेची वाट डावीकडे पडेल. म्हणजे फक्त गाडी उलटी फिरवायची होती. त्यासाठी ते पुढे गेले. अर्धा किलोमीटर, एक, दोन. रस्ता अरुंद, दोन्हीकडे चर. शेवटी डाव्या हाताला एक रिकामं खळं दिसलं. त्यात शिरून त्यांनी डावीकडे एक मोठा, संथ फेरा मारला. खळ्यातल्या कोंबड्या बाजूला झाल्या आणि अंगणात दात घासत असलेला शेतकरी बघत राहिला. फेरा थोडा अपुरा पडला, म्हणून आणखी एक मारला. मग त्यांनी त्या शेतकऱ्याला नमस्कार केला. त्यानेही केला.

ते शाळेपाशी पोहोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. एकच खोली, पत्र्याचं छप्पर, उघडं दार. आत सतरंजीवर एकोणीस मुलं आणि पहिल्या रांगेत दोन मुलींच्या मध्ये पांढऱ्या लुगड्यातल्या गीताबाई, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. दीप्ती हजेरी घेत होती. बाळाराम दारातच थबकले. एकेक नाव येत होतं, एकेक "हजर बाई" होत होतं, आणि प्रत्येक नावाला गीताबाई त्या मुलाकडे वळून बघत होत्या.

शेवटचं नाव झालं. दीप्तीने पेन खाली ठेवलं, तरी गीताबाई तिच्या तोंडाकडे बघतच होत्या. वाट बघत होत्या.

दीप्तीने पेन परत उचललं. मग तिने वहीचं एक कोरं पान उघडलं आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

गीताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर सावरला.

"गीता धाऊ रोकडे."

बाळारामांनी आईसाठी आजवर कितीतरी अर्ज भरले होते. रेशनचे, दवाखान्याचे, बँकेचे. प्रत्येकावर गीताबाई गणपत उबाळे असंच लिहिलं होतं. हे बापाच्या नावाचं नाव त्यांनी कधी कुठे लिहिलं नव्हतं, कारण ते कुठल्याच कागदावर कुणी मागितलं नव्हतं. लग्नाआधीच्या, शाळेच्या वयाच्या एका मुलीचं ते नाव होतं.

दीप्तीने ते लिहिलं. मग वही हातात घेऊन, बाकीच्यांना मारली होती त्याच आवाजात हाक मारली, "गीता धाऊ रोकडे."

गीताबाईंचे ओठ हलले, पण शब्द येईना. शेजारच्या मुलीने त्यांचं लुगडं हळूच ओढलं आणि कुजबुजली, "हजर म्हन, आजे."

"हजर, बाई," गीताबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

दीप्तीने वही मिटली. मिटायला तिला जरा वेळ लागला. मग तिने दाराकडे पाहिलं. तिथे धुळीने माखलेले, हातात गाडीची किल्ली धरून उभे असलेले वडील होते. मुलंही सगळी तिकडे बघू लागली.

"उशिरा येणाऱ्यांनी मागं बसायचं," बाई म्हणाल्या.

बाळारामांनी चपला दाराशी काढल्या. भिंतीच्या कडेकडेने, कुणाच्या पाटीवर पाय पडू नये म्हणून जपत ते शेवटच्या रांगेत गेले आणि मांडी घालून बसले. तिथून त्यांना फळा काही नीट दिसत नव्हता. आईची ताठ पाठ तेवढी दिसत होती.